रेंज फुल, तरी नेट गुल: गावाकडच्या मोठ्या जागेत वाय-फाय नेमकं कुठे अडतं?

"काका, स्कॅन तर होतंय, पण पैसे जातच नाहीयेत."

गेल्या दिवाळीची गोष्ट. देवगडजवळ माझ्या मामाची चार एकरांची हापूसची बाग आहे. वर रस्त्यालगत राहतं घर, मधे आंबे पिकवायचा आणि पेट्या भरायचा मांगर आणि खाली विहिरीजवळ पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत राहिलेलं पुण्याचं एक कुटुंब निघालं होतं. दोन दिवसांचे पैसे द्यायचे होते. खोलीत मोबाईलची रेंज येत नाही, म्हणून वाय-फायवर भिस्त. वाय-फायच्या दांड्या फुल, पण यूपीआयचं चक्र नुसतं फिरतंय. शेवटी चौघंही बॅगा घेऊन चढ चढून घरापर्यंत आले आणि पडवीत उभं राहून त्यांनी पैसे दिले. दोन दिवसांनी बुकिंगच्या साईटवर रिव्ह्यू आला: जागा छान, जेवण छान, नेट अजिबात नाही. पाचपैकी तीन तारे.

मामाने तोपर्यंत सगळं करून पाहिलं होतं. ४० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला. मांगरात आणि खोल्यांजवळ एकेक रिपीटर बसवला. त्यामुळे त्याचा वैताग साहजिक होता. तो मला म्हणाला, "गो बाय, दांडे तर फुल दिसतत. मगे नेट कित्याक चलणा नाय?"

मामाचा हा प्रश्न आज गावागावांतला प्रश्न आहे. कोणाचा गोठा घरापासून लांब आहे, कोणाचं पॉलिहाऊस, कोणाचं कृषी पर्यटन केंद्र. कोणी लॉकडाऊननंतर गावी राहून पुण्या-मुंबईच्या ऑफिसचं काम करतंय. घरात नेट चालतं, अंगणापलीकडे गेलं की मरतं. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला उपाय तोच असतो: प्लॅन वाढवा.

हा उपाय बहुतेक वेळा चुकतो. का, तेच या लेखात बघूया. आणि त्यातून 'गावात नेट पोहोचलं' या वाक्याचा खरा अर्थ काय, हेही.

'गावात नेट आलं' म्हणजे कुठपर्यंत आलं?

ग्रामीण इंटरनेटची चर्चा आपल्याकडे फायबर आणि टॉवर या दोन शब्दांभोवती फिरते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली. पुढे तिचं नाव 'भारतनेट' झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. रक्कम प्रचंड आहे आणि काम खरंच झालंय. आज देशातल्या दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती सरकारी कागदावर 'सेवेसाठी सज्ज' आहेत.

आता यातला शब्द नीट बघा. 'सज्ज' म्हणजे फायबर आणि यंत्र पंचायतीपर्यंत पोहोचलं. आज सकाळी ते चालू आहे का, हे त्या शब्दात येत नाही. आणि पंचायतीतून तुमच्या घरापर्यंत कोण आणणार, हेही येत नाही. ते काम कंपन्या, स्थानिक केबलवाले किंवा गावातले छोटे उद्योजक करतात.

समजा घरापर्यंतही आलं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी किमान ५१२ केबीपीएस वेग मिळाला तरी त्याला ब्रॉडबँड म्हणायचे, आता किमान २ एमबीपीएस लागतो. चांगलं पाऊल. पण हे माप कंपनीकडून ग्राहकाच्या कनेक्शनपर्यंतचं आहे. तुमच्या पडवीतल्या राउटरपासून पुढे, गोठ्यापर्यंत आणि विहिरीपर्यंत काय होतं, ते कुठल्याच सरकारी आकड्यात मोजलं जात नाही.

शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये याने फरक पडत नाही. एक राउटर सगळं घर व्यापतो. गावात मात्र घर हा जागेचा एक कोपरा असतो. कामाची जागा, म्हणजे जिथून पैसे येतात ती जागा, राउटरपासून शंभर-दोनशे मीटरवर असते.

दांड्या खोटं बोलतात का?

मामाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दांड्या खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात.

इंटरनेट तुमच्या फोनपर्यंत एका साखळीतून येतं. कंपनीची लाइन, मग घरातला फायबरचा मोडेम, मग राउटर, मग असलाच तर रिपीटर, आणि शेवटी फोन. फोनवरच्या दांड्या यातली फक्त शेवटची कडी दाखवतात. फोन आणि त्याच्या सगळ्यात जवळचा डबा यांच्यातली.

मामाच्या खोल्यांजवळ रिपीटर अगदी दाराशी होता. त्यामुळे पाहुण्यांच्या फोनला दांड्या फुल. पण त्या रिपीटरला स्वतःला मागून जेमतेम धागा मिळत होता. नळ दारात आहे, तोटीही नवी आहे, पण टाकीतच पाणी नाही, असा प्रकार.

म्हणून पहिला नियम: नेट चालत नसेल तर आधी साखळीची कुठली कडी तुटतेय ते शोधा. खर्च त्यानंतर.

शोधायचं कसं?

मी मामाकडे दोन दिवस एक वही घेऊन फिरले. वेळ, जागा, वेग, सिग्नल, एवढे चार रकाने. हे काम कोणालाही जमतं.

सुरुवात राउटरपासून करा. लॅपटॉप असेल तर वाय-फाय बंद करून केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. लॅपटॉप नसेल तर राउटरपासून दोन मीटरवर उभं राहून फोनवर मोजा. दिवसातून तीनदा तरी: सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमाराला, म्हणजे सगळं गाव नेटवर असतं तेव्हा.

इथेच वेग कमी असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा कंपनीचा. मोडेमवर लाल दिवा लागला असेल तर बहुतेकदा फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. रस्ता रुंदीकरणात केबल तुटली, खांब पडला, वाकवलेल्या केबलला चीर गेली, यातलं काहीतरी. याला तुमच्याकडे उपाय नाही, तक्रार करायची. तक्रार नुसती लाइनमनच्या फोनवर नको, कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि नोंदणी क्रमांक घ्या. वेळेत सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ही दोन पायऱ्यांची सोय ट्रायच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला ठेवावीच लागते. पण क्रमांक नसेल तर अपील कशाचं करणार?

राउटरजवळ वेग नीट असेल, तर बाहेरची लाइन ठीक आहे. मामाकडे केबलवर ९४ एमबीपीएस मिळाले. म्हणजे १०० चा प्लॅन पूर्ण पोहोचत होता. मग मी बाहेर पडले. पडवीत ६०, खळ्यात २५, मांगरात ३ आणि खोल्यांत अर्धा.

म्हणजे प्लॅन ४० चा असता काय आणि ३०० चा असता काय, खोलीत अर्धाच मिळाला असता. मामा दर महिन्याला जास्तीचे पैसे भरत होता ते पडवीपर्यंतच पोहोचत होते.

हवेत नेमकं काय होतं?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. आपल्याकडचे राउटर मुख्यतः दोन पट्टे वापरतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातल्या लहरी लांब जातात, भिंती जरा बऱ्या पार करतात, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. दुसऱ्यात वेग भरपूर, पण भिंत आली की दम तुटतो. खोल्यांत फोन आपोआप ५ गिगाहर्ट्झला चिकटून बसला असेल तर मुद्दाम दुसरा पट्टा निवडून बघा.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय मोजणारी मोफत ॲप्स ती दाखवतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या खाली कनेक्शन 'दिसतं' पण काम करत नाही. या मापात दर १० अंकांना ताकद दहा पटींनी कमी होते. म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजार पटींचा फरक आहे.

आता कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याच्या जाड भिंती. मांगराला आणि कित्येक घरांना आता पत्रा. धातूच्या पत्र्यातून लहरी जातच नाहीत, परत फिरतात. मग झाडं. पानांमध्ये पाणी असतं आणि पाणी लहरी शोषून घेतं. पावसाळ्यात ओल्या पानांनी भरलेली कलमं म्हणजे वाय-फायसाठी हिरवी भिंतच. 'उन्हाळ्यात चालत होतं, पावसाळ्यात बंद पडलं' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. देशावर चिऱ्याऐवजी काळा दगड, आणि झाडांऐवजी उभा ऊस धरा. उसाचंही तसंच. लावणीच्या वेळी आरपार दिसणारा गोठा ऊस डोक्याइतका झाला की वाय-फायला दिसेनासा होतो.

आणि अंतर. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई होते.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे मोठ्या अँटेनाचा ताकदवान राउटर. तो अर्धवट चालतो. कारण वाय-फाय हे दोघांचं बोलणं आहे. राउटर मोठ्याने ओरडला तर फोनला ऐकू येईल, पण फोनचा आवाज लहानच राहतो. बॅटरी वाचवायची म्हणून तो बेताच्या ताकदीनेच बोलतो. तुम्ही टेकडीवरून ओरडलात आणि खालचा माणूस कुजबुजत उत्तर देतोय, तर संवाद कसा होणार? दांड्या फुल आणि पान उघडत नाही, याचं हे दुसरं कारण.

रिपीटर चुकीच्या जागी

मामाने रिपीटर तिथे लावला जिथे नेट येत नव्हतं. सगळे तिथेच लावतात. पण रिपीटर नेट तयार करत नाही, आलेलं पुढे ढकलतो. त्याला स्वतःला उणे ८२ मिळत असेल, तर तो पुढे तेवढंच रडकं नेट देणार, फक्त दांड्या फुल करून.

रिपीटरची जागा म्हणजे राउटर आणि अडचणीची जागा यांच्या मध्यावर, जिथे सिग्नल अजून दमदार आहे. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. एकामागे एक दोन लावले तर चौथाई उरतो. एका मोठ्या घरात हे खपून जातं. चार एकरांत नाही.

आजकाल 'मेश' नावाचे संच मिळतात. ते रिपीटरपेक्षा हुशार असतात, पण हवेतूनच जोडलेले असतील तर चिरा, पत्रा आणि झाडं यांचा नियम त्यांनाही लागू. मेशचा खरा फायदा तेव्हा, जेव्हा त्याचे डबे एकमेकांना तारेने जोडलेले असतात.

संध्याकाळी साडेसहाचं कोडं

माझ्या वहीत एक विचित्र नोंद होती. दोन्ही दिवस संध्याकाळी साडेसहाच्या आसपास घरातलंही नेट तीन-चार मिनिटं गेलं. मामी म्हणाली, "ते रोजचंच आहे."

साडेसहाला मामा विहिरीवरचा पंप लावतो. पंप सुरू होताना क्षणभर जास्त वीज खेचतो, दिवे मंद होतात. आपण पापणी लवतो तेवढ्यात ते सावरतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. राउटरला मात्र तेवढा झटका पुरतो. तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, मग मोडेम पुन्हा लाइन पकडतो, यात दोन-चार मिनिटं जातात. म्हणजे कंपनी, लाइन, वाय-फाय सगळं ठीक. दोष विजेचा.

ग्रामीण भागात हे कारण फार मोठं आहे आणि फार कमी तपासलं जातं. व्होल्टेज वरखाली होणं, दोन मिनिटं वीज जाऊन येणं, हे गावात रोजचं. घरात इन्व्हर्टर असला तरी वीज बदलताना क्षणभराचा खंड पडू शकतो आणि राउटर रीस्टार्ट होतो. यावर उपाय सोपा आहे: राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस. साधारण हजार ते दोन हजारांत येतो आणि राउटरला काही तास चालवतो. फक्त दोन गोष्टी बघा. राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळतात का? आणि मोडेम व राउटर वेगळे असतील तर दोघांनाही तो पुरतो का? एकालाच जोडून उपयोग नाही.

मामाकडे हा डबा लावला आणि साडेसहाचं कोडं संपलं. सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात आधी चालला.

तार, हवा की फायबर?

आता खरा प्रश्न: घरापासून १८० मीटरवरच्या खोल्यांपर्यंत नेट न्यायचं कसं? पर्याय तीन.

पहिला, साधी लॅन केबल. तिची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे भरवसा नाही. मांगरापर्यंतच्या ६० मीटरसाठी ती चालली असती. पण माझ्या मामेभावाने हा प्रयोग सप्टेंबरमध्येच केला होता. केबल झाडाझाडांवरून ओढत मांगरात नेली. परतीच्या पावसात एका रात्री विजा झाल्या. घरावर काही पडलं नाही, पण सकाळी राउटरचं पोर्ट आणि मांगरातला डबा दोन्ही गेले. लॅन केबल तांब्याची असते. जवळपास कुठे वीज कोसळली तरी लांब उघड्या तारेत दाब तयार होतो आणि तो दोन्ही टोकांची यंत्रं जाळतो. कोकणात ऑक्टोबर आणि देशावर एप्रिल-मेमधला वळीव, या दिवसांत हा धोका मोठा. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका, हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो.

दुसरा, हवेतला पूल. दोन टोकांना दोन छोट्या दिशादर्शक अँटेना, एकमेकींकडे तोंड करून. घरच्या राउटरसारख्या चहूकडे पसरण्याऐवजी या एकाच दिशेला लहरी फेकतात, म्हणून काही शे मीटर ते काही किलोमीटर सहज जातात. यासाठी लागणारे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. साधी जोडी काही हजारांत मिळते. मोकळ्या माळावर, द्राक्षबागेच्या वरून, शेततळ्यापलीकडे न्यायला हा उत्तम मार्ग.

पण अट एक: दोन्ही अँटेनांना एकमेकी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. आणि नुसती नजरेची रेघ मोकळी असून भागत नाही. लहरी फुग्यासारख्या मधे फुगतात. ५०० मीटर अंतर असेल तर मध्यावर त्या रेषेच्या चहूबाजूंनी साधारण अडीच मीटर जागा त्यांना लागते. त्यात माडाच्या झावळ्या डोलत असतील, तर वारा सुटला की नेट जाणार. अँटेना उंच खांबावर बसवा, आणि झाडं पुढच्या दोन पावसाळ्यांत किती वाढतील याचा हिशेब आजच करा.

तिसरा, आवारातलं स्वतःचं फायबर. हे ऐकायला महाग वाटतं, पण फायबरची केबल आता तांब्याच्या तोडीला स्वस्त आहे. दोन टोकांना प्रकाशाचं विजेत आणि विजेचं प्रकाशात रूपांतर करणारे दोन छोटे डबे लागतात. अंतराची अडचण नाही आणि काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे विजांचा प्रवास एका इमारतीतून दुसरीत होत नाही. फक्त केबल घेताना धातूची तार किंवा कवच नसलेली घ्या, नाहीतर हा फायदाच जातो. खर्च होतो तो चर खणायचा आणि टोकं जोडायचा. टोकं जोडण्याचं यंत्र तालुक्याच्या केबलवाल्याकडे असतंच.

मामाच्या बागेत कलमं आडवी येत होती, म्हणून हवेतला पूल बाद. आणि योगायोगाने त्याच महिन्यात विहिरीपासून घरापर्यंत नवी पाण्याची लाइन टाकायची होती. चर खणलेलाच होता. त्यातच एचडीपीईच्या नळीत घालून फायबर टाकलं. नळी का? उंदीर-घुशी आणि कुदळीचा घाव यांपासून वाचवायला. केबल १८० मीटर नाही, २०० मीटरची घेतली आणि दोन्ही टोकांना वेटोळं करून ठेवलं, उद्या तुटली तर जोडायला हात राहावा म्हणून. खोल्यांत एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला, मांगरात दुसरा. सगळीकडे नाव आणि पासवर्ड एकच, म्हणजे फोन चालता चालता जवळचा डबा धरतो.

हे झाल्यावर खोल्यांत ८५ च्या आसपास वेग मिळाला. मामाने प्लॅन पुन्हा ४० चा केला. तेवढा त्याला पुरतो.

सॅटेलाइट आलं की प्रश्न सुटेल का?

हा प्रश्न सध्या प्रत्येक जण विचारतोय. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. जिथे फायबर पोहोचणं अवघड आहे, अशा सह्याद्रीतल्या वाड्या-पाड्यांसाठी आणि मेळघाट-नंदुरबारसारख्या डोंगराळ भागांसाठी उपग्रहाचं इंटरनेट खरंच महत्त्वाचं ठरू शकतं. टॉवरच्या दिशेने बाहेर यंत्र बसवून मिळणारं ५जी एअरफायबरही अनेक गावांत कामाला आलंय.

पण दोन्ही साखळीची पहिली कडी बदलतात. आकाशातून आलेलं नेटही तुमच्या छपरावरच्या एका थाळीत उतरतं. तिथून गोठ्यापर्यंत त्याला त्याच चिऱ्यातून, पत्र्यातून आणि झाडांतून जायचंय. शिवाय त्या थाळीला मोकळं आकाश लागतं. माडांच्या आगरात ते कुठून आणायचं?

तसंच नव्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं. त्याचा खालचा भाग वाय-फायसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. मसुद्यात वापर सुचवलाय तो घराच्या आत कमी ताकदीने आणि बाहेर अगदीच कमी ताकदीने. शहरातल्या गर्दीच्या इमारतींना तो दिलासा आहे. चार एकरांच्या बागेला नाही.

मग ही जबाबदारी कोणाची?

कंपनी म्हणते, आमची हद्द राउटरपर्यंत. सरकार म्हणतं, आमची हद्द पंचायतीपर्यंत. उरतो तो शेतकरी किंवा होमस्टे चालवणारी बाई. त्यांना सल्ला देणारा एकच माणूस भेटतो, दुकानदार. आणि तो जे विकतो तेच सुचवतो.

मोठ्या शहरातल्या हॉटेलला हे काम करून देणारे इंजिनिअर मिळतात. गावात ते ज्ञानच पोहोचलेलं नाही. आणि गावातलं काम मात्र झपाट्याने नेटवर गेलंय. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण आणलं. त्यात येणारा पाहुणा बुकिंग, पैसे आणि रिव्ह्यू सगळं फोनवरच करतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. मुलांचे क्लास, दुधाचे हिशेब, ठिबकचे स्वयंचलित नियंत्रक, चोरीसाठी लावलेले कॅमेरे, सगळ्यांना नेट घरात नाही, आवारात हवंय.

उपाय फार मोठा नाही. भारतनेटमध्ये गावपातळीवर जोडण्या देणाऱ्या उद्योजकांची व्यवस्था आहेच. जोडणी देताना त्यांनी आवारात फिरून मोजणी करायची आणि 'इथे तार घाला, इथे पूल बसवा, इथे काहीच नको' असं एका कागदावर लिहून द्यायचं, एवढं त्या कामात जोडता येईल. आयटीआयमध्ये वायरमन घडतात. त्यांनाच फायबर जोडणं आणि अँटेना बसवणं शिकवलं तर तालुक्यात चार जणांना रोजगार मिळेल. सुधारित भारतनेटमध्ये पंचायती वर्तुळाकार जोडायच्या आहेत, म्हणजे केबल एका बाजूला तुटली तर नेट दुसऱ्या बाजूने येईल. पंचायतीपर्यंतच्या भरवशासाठी एवढा विचार झालाय, तर शेवटच्या दोनशे मीटरचा थोडा तरी व्हायला हरकत नाही.

तोपर्यंत काय कराल?

क्रम लक्षात ठेवा. आधी राउटरजवळ वेग मोजा. तिथेच कमी असेल तर तक्रार, क्रमांकासकट. ठीक असेल तर नेट कोणत्या वेळी जातं ते लिहा. ठरावीक वेळी जात असेल तर विजेवर संशय घ्या आणि छोटा यूपीएस लावा. मग आवारात फिरून सिग्नल मोजा. मोकळी दृष्टी असेल तर हवेतला पूल, झाडं-भिंती आड असतील तर फायबर. रिपीटर फक्त जवळच्या अंतरासाठी, आणि तोही मध्यावर. आणि पुढच्या वेळी पाण्याची लाइन किंवा ठिबकचा मुख्य पाइप टाकायला चर खणाल, तेव्हा त्यात एक रिकामी नळी टाकून ठेवा. आज नेट नको असलं तरी. नळी स्वस्त असते, चर पुन्हा खणणं महाग.

प्लॅन वाढवायचा विचार या सगळ्यानंतर.

मार्चमध्ये आंब्याच्या सुरुवातीला मामाचा व्हिडिओ कॉल आला. मांगरातून. मागे पेट्या भरायचं काम चालू होतं, गवताचा पेंढा पसरला होता आणि मुंबईचा एक गिऱ्हाईक दुसऱ्या फोनवर आंबे बघून पेट्या निवडत होता. मी विचारलं, "मामा, दांडे किती?"

तो म्हणाला, "दोन. पण चलता."